आतून कडी असलेली खोली

२ फेब्रुवारी
निर्णय झाला. घरातली पहिली पदवी मिळाली म्हणून थांबायचं नाही. जूनमध्ये एमएची प्रवेश परीक्षा. विषय मानसशास्त्र. तयारी उत्तम आहे, म्हणजे होईल. अडचण फक्त जागेची. सध्या स्वयंपाकघरातल्या अर्ध्या टेबलावर अभ्यास करते. उरलेल्या अर्ध्यावर आईचं शिलाई मशीन. ती शाळेचे गणवेश शिवते. मशीन चाललं की माझं अक्षर थरथरतं.
मागच्या खोलीत बाबांचे जुने टायर आणि मोडकी सायकल आहे. पण तिला दार आहे आणि दाराला आतून कडी. न्हाणीघर सोडलं तर घरात दुसरीकडे कुठेच नाही. ती खोली मला हवी. भांडायचं नाही. शास्त्रशुद्ध पटवायचं.

५ फेब्रुवारी
जेवताना विषय काढला. मोठ्या माणसांच्या आयुष्यातही टप्पे असतात, हे माझ्या अभ्यासाच्या पुस्तकातून समजावलं. विशीत माणूस स्वतःला शोधतो, त्याला स्वतंत्र जागा लागते. नाही मिळाली तर पुढचं सगळं बिघडतं. बाबा बस डेपोत मेकॅनिक, त्यामुळे ‘बिघडतं’ त्यांना लगेच पोचलं. म्हणाले, मॅडम, हे आधी नाही का सांगायचं? पदवीपासून ते मला मॅडम म्हणतात. त्यात थट्टा थोडी, अभिमान जास्त.
रविवारी खोली रिकामी करायची. शास्त्राचा विजय.

८ फेब्रुवारी, रविवार
टायर मीच बाहेर काढले. भिंती पुसल्या. संध्याकाळी धाकटा भाऊ गादी घेऊन आत गेला.
बाबांचं म्हणणं, त्यानं दोन नोकऱ्या सोडल्यात, म्हणजे शोध त्याचाच चालू आहे. तुझं काय अडलंय, तुझी पदवी आहे की हातात. तर्क अगदीच चुकीचा नाही. पुस्तकातली उदाहरणं सगळी पुरुषांचीच, त्यामुळे त्यांचा गोंधळ झाला असणार. बायकांचं प्रकरण शेवटी आहे, नऊ पानांचं. परीक्षेला सहसा येत नाही. बघू नंतर.
भाऊ कडी लावून स्वतःला शोधतोय. घोरणं बाहेरपर्यंत ऐकू येतं.

१ मार्च
संकल्प : उद्यापासून पहाटे पाचला उठणे. मशीन सुरू व्हायच्या आत दोन तास अभ्यास.

२ मार्च
आई साडेचारला मशीनवर बसते. हे मला इतकी वर्षं कसं माहीत नव्हतं?

२० मार्च
भावाला दुसऱ्या शहरात मोबाइलच्या दुकानात नोकरी लागली. जाताना म्हणाला, ताई, तुझ्या थिअरीमुळे खोली मिळाली आणि डोकं शांत झालं बघ. माझ्या मार्गदर्शनाचं पहिलं यश! उद्या पुस्तकं हलवते.

२१ मार्च
भाऊ गेल्यापासून बाबा गप्प. आईनं विचारलं, यांना झालंय तरी काय? म्हटलं, अगं, पन्नाशीतला टप्पा आहे. माणूस मागे वळून बघतो, काय कमावलं, काय राहून गेलं. त्याला एकांत लागतो.
बाबा दारात उभे होते, हे मला माहीत नव्हतं. गादी त्यांनी स्वतःच मागच्या खोलीत नेली. रेडिओसुद्धा.

१२ एप्रिल
बाबा अजून मागे वळून बघतायत. बघताना त्यांना चहा लागतो. तो आई करते आणि मी नेते, कारण तिचे हात लगेच परत मशीनवर आणि मी ‘नुसती बसलेली’. दार ठोठावूनच आत जाते. एकांताचा मान राखायला हवा.
दुपारी आईला विचारलं, तू कुठल्या टप्प्यात आहेस गं? दातांत दोरा धरून म्हणाली, बाह्या लावतेय.
तिला कळावं म्हणून शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचलं. बायकांचे टप्पे वयानं ठरत नाहीत, घरातल्यांच्या गरजांनी ठरतात. पुष्कळजणींचं स्वतःचं आयुष्य मुलं मोठी झाल्यावर, पन्नाशीच्या आसपास सुरू होतं. आईनं मशीन थांबवलं. म्हणाली, परत वाच. परत वाचलं. मग म्हणाली, आणि तुझ्या वयाच्या मुलीचं काय लिहिलंय? शोधलं. ‘अधिक संशोधनाची गरज आहे’, एवढंच होतं.

७ जून
परीक्षा झाली. पेपर मस्त! शाळा उघडणार म्हणून आईला गणवेशांची घाई, त्यामुळे बाबांचा डबा करून मी निघाले आणि पोचायला उशीर झाला. शेवटचा प्रश्न राहिला. तो नेमका स्त्री-पुरुषांच्या टप्प्यांतल्या फरकावर होता. मला पूर्ण येत होता. पण बाकीचे इतके छान गेलेत की एकानं काही बिघडत नाही.

३० जून
यादीत नाव नाही. खालून वर पुन्हा वाचली. कॉम्प्युटरची चूक असू शकते.
घरी बाबांनी मॅडम न म्हणता नावानं हाक मारली.

४ जुलै
चांगली बातमी! बाबांचं मागे वळून बघणं संपलं. खोलीत डास फार, म्हणून ते बाहेर परतले. आता खोली माझीच. दुसरं कुणी उरलंच नाही. एका अर्थी नापास झाले ते बरंच झालं. आता वर्षभर कडी लावून अभ्यास आणि पहिला नंबर.

४ जुलै, संध्याकाळ
पुस्तकं घेऊन गेले तर दार आतून बंद. ठोठावलं.
आतून आई म्हणाली, कोण? म्हटलं, मी. म्हणाली, काय हवंय? पुस्तकं या हातातून त्या हातात घेतली. विचारलं, आत काय करतेस? म्हणाली, काही नाही. इतका निवांत आवाज की आईचा वाटेना. मग म्हणाली, तूच वाचून दाखवलंस ना, माझं आता सुरू होतं म्हणून?
बरोबर आहे. पुस्तकात तसंच आहे. मला आनंद व्हायला हवा. बहुतेक झालाय.
तेवढ्यात बाबांनी चहा मागितला. स्वयंपाकघरात मशीनवर अर्धी लावलेली बाही लोंबत होती. पुस्तकं तिच्याशेजारी ठेवली आणि चहा केला. बाबा एक घोट घेऊन म्हणाले, तुझ्या आईसारखा नाही जमला. असू दे, शिकशील.