मैनेची धाप

नावडे,
९ जानेवारी २०२४

चि. नमिता हिला बाबांचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. फोनवर तुझं बोलनं अर्धंच ऐकू येतं, म्हनून लिहितो. आपली घोडी मैना बरी नाय. दिवाळीपासून खोकत होती. परवा घणसोली गावात वरातीत मधेच थांबली. पोट भात्यासारखं वरखाली, नाकातून पिवळं पानी. नवरदेवाला खाली उतरवावं लागलं. तो चालत मांडवात गेला. त्याची आई मला काय बोलली ते लिहीत नाय.

सरकारी डॉक्टर रक्त घेऊन गेला. बोलला, ग्लँडर्स नावाचा घोड्यांचा रोग असू शकतो, तो मानसालापन लागतो. निघाला तर मैनेला इंजेक्शन देऊन संपवनार, तसा कायदाच हाय. तेव्हापासून शेजाऱ्यांची दारं बंद. तुझ्या भावानं, कुंदननं, बायकोपोरांना जुईनगरला सासरी पाठवलं. मीच त्याला तसं बोललो.

तू तिकडं शिरवळला घोड्यांच्या छातीच्या रोगावरच शिकतेस. काय तरी कर. माझी प्रकृती ठीक.

माया हाय तशी राहू दे.

तुझा बाबा,
नामदेव


शिरवळ,
१३ जानेवारी २०२४

तीर्थरूप बाबांस, नमिताचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. पत्र मिळालं. ग्लँडर्स आहे की नाही, हे फक्त सरकारी प्रयोगशाळाच सांगेल. माझी तपासणी वेगळी. वर्षानुवर्षं धूळ आणि बुरशी ओढून घोड्यांना दमा जडतो. फुप्फुस आतून दुखावलं की त्यातलं एक प्रथिन रक्तात उतरतं. छातीला कान लावून जे कळत नाही, ते अशा खुणांवरून कळतं. पण तेवढ्यानं भागत नाही. फुप्फुसात थोडं पाणी सोडून, ते परत ओढून त्यातल्या पेशीही बघाव्या लागतात. सरकारी डॉक्टरांची परवानगी घेतली आहे. रविवारी, २१ तारखेला, दोन्हींसाठी येते.

तोवर मास्क आणि हातमोजे घातल्याशिवाय तिच्याजवळ जायचं नाही. तिच्या नाकाला नाक लावून गप्पा मारायच्या नाहीत. तुमची सवय मला माहीत आहे. आणि 'प्रकृती ठीक' एवढ्यावर माझं समाधान नाही. घरात कोणाला ताप, खोकला आहे का, ते खरं सांगा.

कृपा आहेच, ती असू द्यावी.

आपली,
नमिता


शिरवळ,
२३ जानेवारी २०२४

तीर्थरूप बाबांस, शि. सा. नमस्कार.

वि. वि. रविवारी तुम्ही अंगणातच थांबलात. मला वाटलं, मैनेला सुई टोचताना तुम्हाला बघवत नसेल. मग तबेल्यामागे तोंडात टॉवेल कोंबून तुम्ही खोकलात, ते मी ऐकलं. कुंदनला खोदून विचारलं. तुम्हाला रोज संध्याकाळी ताप येतो, आणि तुमच्या छातीत काही निघालं तर निकालाआधीच मैनेला संपवतील म्हणून तुम्ही दवाखान्यात जात नाही, असं तो म्हणाला.

मैनेच्या छातीतल्या पाण्यात सुजेच्या पेशी भरलेल्या आहेत. रक्तातलं प्रथिनही वाढलंय. जंतू दिसले नाहीत. सगळं दम्याकडे बोट दाखवतं. तरी सरकारी निकाल येईपर्यंत मी ठामपणे काही सांगू शकत नाही. तिच्या रक्ताची नळी हातात घेऊन बसले होते, आणि डोळ्यांसमोर तुम्हीच होतात.

उद्याच कुंदनबरोबर हॉस्पिटलात जा. तबेल्याचं सगळं डॉक्टरांना सांगा. लपवलंत तर मैनेला मी पुन्हा हात लावणार नाही. रागानं लिहितेय, कारण भीती लिहिता येत नाही.

एवढं ऐकावं, मग हवं तेवढं रागवावं.

तुमची,
नमिता


नावडे,
६ फेब्रुवारी २०२४

चि. नमिता हिला आशीर्वाद.

वि. वि. मैनेचा सरकारी निकाल आला. ग्लँडर्स नाय. कुंदनकडून दोनदा वाचून घेतला. समोरच्या केशरबाईनं लगेच दार उघडून चहा पाठवला. मी प्यायलो. भांडायचं त्रान नव्हतं.

मलापन तो रोग नाय. पन छातीचा डॉक्टर बोलला, फोटोत फुप्फुसावर जाळी दिसते. पावसात भिजून बुरशी लागलेलं गवत आपन माळ्यावर ठेवलं होतं. तेच मैना खायची, तेच मी रोज झाडायचो. तिला दमा झाला, मला हे. जेवढं फुप्फुस कडक झालं तेवढं परत येनार नाय, असं बोलला.

मैना आता वरातीला जानार नाय. मोकळ्यावर बांधतो. कुंदन गवत भिजवून घालतो. मला तबेल्यात मनाई. ती मला बघून मान हलवते, मी लांबूनच हात करतो.

डॉक्टरनं माझं रक्त घेतलं. मी विचारलं, घोडीचंच प्रथिन शोधता काय? तो हसला, बोलला, जवळजवळ तेच. किती बिघडलंय ते त्यावरून कळेल. तो निकाल तुझ्याकडं पाठवायला सांगितलाय. बरा असेल तर पत्रात लिही. वाईट असेल तर लिहू नको, स्वतः ये.

म्हनून रोज पोस्टमनची वाट बघतो, तुझी नाय. पोरी, तू दारात दिसू नयेस असं मला पहिल्यांदाच वाटतंय. राग मानू नको.

माया हाय, ती कमी होनार नाय.

तुझा,
बाबा