चिचटोल्याची जीप

॥ श्री ॥

मी, चंद्रभान रामाजी भोयर, वय वर्षे ५८, धंदा पूर्वी वीज केंद्रात फिटर, आता काही नाही, राहणार सक्करदरा, नागपूर, हा लेख स्वखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. अक्षर वेडेवाकडे आले आहे ते खाटेवर पडून लिहितो म्हणून. फुप्फुसात गाठ आहे आणि डॉक्टरांनी दिवाळीचे काही बोलू नका असे सांगितले आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब आणायला घरात दुसरे कोणी नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी तसे दाखवले तर ते खोटे समजावे. माझा पुतण्या बळीराम दाखवण्याचा संभव आहे, म्हणून लिहिले.

कलम १. व्यवस्थापक. या लेखाची अंमलबजावणी अ‍ॅडव्होकेट गिरिधर वामन देशकर यांनी करावी. त्यांनी कच्चा मसुदा वाचून 'एवढी हकीकत मृत्युपत्रात लागत नाही' असे म्हटले. मी म्हटले, लागते. उद्या कोर्टात विचारतील की सख्ख्या पुतण्याला सोडून परक्या बाईला गाडी का दिली. तेव्हा मी सांगायला नसेन.

कलम २. जीप. माझ्या आंगणातील टिनाच्या शेडमध्ये उभी असलेली, लढाईच्या काळातील, चारही चाकांनी चालणारी विलिस जीप, तिच्या चाकांना बांधायच्या साखळ्या, स्ट्रेचर, जादा चाक आणि सर्व सुट्या भागांसह, मी श्रीमती भागीरथा कवडूजी नव्हे, (इथे नाव चुकले, कवडू वेगळा आहे, त्याचे पुढे येईल) श्रीमती भागीरथा सखाराम नेवारे, सुईण, राहणार चिचटोला, तालुका पारशिवनी, यांना देतो. पूर्ण मालकीने देतो. कारण खालीलप्रमाणे.

चिचटोला हे माझे जन्मगाव. पक्का रस्ता गावापासून बराच लांब राहतो आणि मध्ये नाला आहे. जमीन काळी. पावसाळ्यात बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुतते. १९६६ साली पोळ्यासाठी मी आणि माझी पत्नी शामला गावी गेलो. दोनदा पोट वाया जाऊन तिला तिसऱ्यांदा दिवस गेले होते आणि सातवा महिना लागला होता. पोळा फुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. भागीरथाबाई तेव्हा नव्याने सुईणपण करत होत्या. त्यांनी हात लावून पाहिले आणि सांगितले, "मूल आडवं हाय. माह्यानं होत नाही. दवाखान्यात न्या."

माझे थोरले बंधू देवराव यांनी बैलगाडी जुंपली. आमच्यात काही कमी-जास्त नव्हते. त्या दिवशी भावाने बैलांसारखा जोर लावला, हे मी इथे मान्य करतो. नाल्याच्या अलीकडे चाक रुतले. आम्ही फळ्या घातल्या, चाकाखाली पळसाच्या फांद्या घातल्या, बैल गुडघ्यावर आले. शामला म्हणाली, "मले खाली उतरवा जी. लय हबके बसतात." आम्ही तिला बांधावर उतरवले. भागीरथाबाईंनी तिचे डोके मांडीवर घेतले. तिथेच ती गेली. मूल तिच्यासोबत गेले. मुलगा की मुलगी ते मी विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडून परत येताना त्याच जागी एक सरकारी जीप आली. आमची गाडी रुतली होती तो खड्डा तसाच होता. जीपवाल्याने एक दांडा ओढला, पुढची चाकेही जोर करू लागली आणि चिखल उडवत जीप पलीकडे गेली. मी तिथे बसून राहिलो. देवराव म्हणाला, "चाल गा, घरी चाल." मी उठलो, पण मन तिथून उठले नाही.

पुढच्या वर्षी कामठीला लष्कराच्या भंगाराच्या लिलावात ही जीप घेतली. इंजिनाचे डोके फुटलेले, गिअरबॉक्समध्ये दात नव्हते, तळाच्या पत्र्यातून बोरीचे रोपटे वर आले होते. ट्रकवरून आंगणात उतरवली तेव्हा गल्लीतले लोक बघायला आले. एकाने विचारले, "फिटरसाहेब, हे काहून आणलं? कोंबड्या ठेवाले?" मी बोरीचे रोपटे उपटायला घेतले.

ड्युटीवरून आल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी मी तिचे काम केले. तीन वर्षे गेली. मला जीप हौसेसाठी नको होती, निजलेला माणूस नेण्यासाठी हवी होती. म्हणून चौकट मधोमध कापून लांबवली आणि आत डाव्या बाजूला स्ट्रेचर बसेल अशी जागा केली. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची काही पाने काढून टाकली, कारण शामलाचे हबक्यांचे, म्हणजे हादऱ्यांचे, बोलणे माझ्या डोक्यात होते. पाने काढल्यावर जीप मागून बसू लागली. मग काढलेली पाने परत घातली, मोजून कमी केली, परत घातली. नाल्याचे पाणी इंजिनात शिरू नये म्हणून हवेची नळी टपापर्यंत वर नेली. पुढे पेट्रोल परवडेना तेव्हा डिझेल इंजिन बसवले. ते जड पडले म्हणून पुढची चौकट पुन्हा मजबूत करावी लागली. एक बदलले की दुसरे बदलावे लागे.

१९७० च्या पावसाळ्यात ती पहिल्यांदा नाल्यातून पार गेली. तेव्हापासून दर वर्षी मृग लागायच्या आधी मी ती चिचटोल्याला नेऊन ठेवत असे आणि दिवाळीनंतर परत आणत असे. सुरुवातीला रजा काढून स्वतः चालवली. नंतर बळीरामला, म्हणजे देवरावच्या मुलाला, शिकवले. पोराचा हात चांगला होता. चार वर्षे त्याने चांगली चालवली, हेही लिहितो. बाळंतिणी नेल्या, तापाचे पोर नेले, विहिरीत पडलेला माणूस नेला. किल्ली देवरावच्या घरी खुंटीला राहत असे.

१९७९ च्या श्रावणात भागीरथाबाईंची एकुलती मुलगी वच्छला धानाच्या रोवणीला बांधीत, म्हणजे खाचरात, उतरली होती. लग्न ठरले होते. दुपारी तिला साप चावला. बाई धावत देवरावच्या घरी गेल्या. जीप नव्हती. खुंटी रिकामी होती. गोठ्यात स्ट्रेचर काढून भिंतीला उभे केलेले होते. माझी भावजय म्हणाली, "सकाळपासूनच नेली वं बाई. कुठं गेला, सांगून नाही गेला."

मग लोकांनी वच्छलाला खाटेवर घालून खांद्यावर नेले. नाला ओलांडला. रस्त्यावर पोचण्याआधी तिच्या तोंडातून फेस आला आणि खाट खाली ठेवावी लागली.

संध्याकाळी जीप परत आली. मी शनिवारी गावी गेलो तेव्हा देवराव दारातच भेटला. म्हणाला, "गाडी बिघडली होती गा चंद्रभान. पोरानं लय हात मारला, चालूच नाही झाली." मी गोठ्यात जाऊन किल्ली फिरवली. पहिल्याच वेळी चालू झाली. मागच्या पत्र्यावर सागवानाची साल पडली होती, आणि लाकडाच्या वजनाने माझी चौकट डाव्या अंगाला वाकली होती.

मी बळीरामला विचारले, "कोणाचं लाकूड वाहलं?"

तो म्हणाला, "एक दिवस नेली तं काय झालं काका? मले काय माहीत साप चावणार हाय म्हणून."

मी हात उचलला होता. देवराव मध्ये आला आणि म्हणाला, "माह्या पोरावर हात नको टाकू. पोरगी का आपल्या घरची होती?" हे वाक्य त्याने भागीरथाबाईंच्या देखत म्हटले. त्या ओट्याखाली उभ्या होत्या.

जंगलातून चोरलेले ते लाकूड तोवर विकले गेले होते. मी तक्रार दिली, पण पुरावा राहिला नव्हता. वच्छलाच्या मरणासाठी कोणाला धरता येईल असे कलम नाही, असे देशकर वकील सांगतात. म्हणून हे कलम मी लिहितो: बळीराम देवराव भोयर याने या जीपला हात लावू नये, चालवू नये, उसनी मागू नये, आणि ती बाईंनी कधी विकली तर विकतही घेऊ नये. मी जीप घेऊन नागपूरला आलो. भावाच्या घरी त्यानंतर पाणी प्यालो नाही.

तेरवी झाल्यावर भागीरथाबाई एस.टी.ने एकट्या माझ्या घरी आल्या. मी वाकलेली चौकट सरळ करत होतो. त्या शेडच्या दाराशी उभ्या राहिल्या. मला वाटले, रडतील, शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "भाऊ, मले गाडी शिकवा."

मी म्हटले, "तुम्ही? काहून?"

"चाबी दुसऱ्याच्या खुंटीले होती. आता माह्या कमरेले राहील."

"तुमचे पाय क्लचपर्यंत पोचणार नाहीत, बाई."

"नाही पोचत तं लाकूड ठोका."

मी पेडलांवर सागवानाचे नाही, बाभळीचे ठोकळे बसवले आणि सीट पुढे सरकवली. त्या हिवाळ्यात त्या सुट्टीच्या दिवशी येत. मानेवाड्याकडच्या मोकळ्या रानात मी शिकवत असे. एकदाच, जीप उतारावर बंद पडली तेव्हा, स्टिअरिंगवर डोके टेकून बराच वेळ बसल्या. मी खाली उतरून उगाच चाक पाहत राहिलो. परवाना मिळाला त्या दिवशी पेढे आणले होते, ते त्यांनी खाल्ले नाहीत, पदरात बांधून गावी नेले.

१९८० पासून जीप त्याच चालवतात. गावात हसणारे हसले. वाचले नाहीत असेही लोक आहेत. पण जीप नाही म्हणून कोणी गेले, असे पुन्हा झाले नाही.

१९८१ च्या भादव्यात बळीरामची बायको अडली. बळीराम स्वतः बाईंच्या दारात गेला. हे मला बाईंनी सांगितले नाही, माझ्या भावजयीने सांगितले. बाईंनी पोरीला तपासले, स्ट्रेचरवर निजवले, इंजिन चालू केले. बळीराम आत चढू लागला. त्या म्हणाल्या, "तू खाली राय. जागा तिची अन् तिच्या मायची हाय." तो चिखलात उभा राहिला. मुलगा झाला. दोघेही जगले. मी बाईंना विचारले, त्याला नेताना मनात काय आले? त्या म्हणाल्या, "काय येईल? नाल्याले पाणी लय होतं."

कलम ३. शेत. वडिलांच्या वाटणीत माझ्या नावावर आलेले चिचटोल्याचे शेत मी वरील मुलाला, म्हणजे मुकुंद बळीराम भोयर यास देतो. तो सज्ञान होईपर्यंत ते त्याच्या आईने पाहावे. बळीरामने विकू नये, गहाण टाकू नये. पोरावर माझा राग नाही. मी त्याला पाहिलेले नाही.

कलम ४. घर आणि हत्यारे. सक्करदऱ्याचे दोन खोल्यांचे घर, शेड, वेल्डिंगचा संच, जॅक, पान्हे आणि ऐरण मी माझा मित्र कवडू लहानूजी मेश्राम यास देतो. जीपची चौकट लांबवली तेव्हा वेल्डिंग त्याचे होते. जॅक सरकून चौकट त्याच्या डाव्या हातावर पडली आणि दोन बोटे गेली. जखम भरल्यावर तो परत आला आणि म्हणाला, "अर्धं काम राहिलं ना गा." त्याची मजुरी तो कधी घेईना. आता घर घेण्यावाचून त्याला इलाज नाही. अट एकच: जीप दुरुस्तीला आली तर शेडचे दार उघडावे.

कलम ५. पोस्टातील शिल्लक जीपच्या डिझेल, टायर व दुरुस्तीसाठी वकीलसाहेबांनी आपल्या देखरेखीखाली ठेवावी.

कलम ६. माझा अंत्यविधी नागपुरातच करावा. देवरावला कळवावे. तो आला तर त्याला अडवू नये. खांदा देऊ द्यावा की नाही, हे कवडूने ठरवावे. मला ठरवता आले नाही.

पुरवणी, सही करण्यापूर्वी जोडलेली. वरील मजकूर काल लिहून पुरा झाला. आज सकाळी भागीरथाबाई मला पाहायला आल्या. चिचटोल्याकडे दोन सरी पडून गेल्याचे म्हणाल्या. जीप या वर्षी अजून इथेच आहे, कारण मला नेऊन ठेवता आली नाही.

मी म्हटले, "आजच घेऊन जा."

त्या म्हणाल्या, "कागदात तं तुमच्या मागं लिहिलं हाय ना, भाऊ?"

"पाऊस माह्यासाठी थांबून नाही राहिला, बाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मंग तुमाले मेडिकलच्या दवाखान्यात कोन नेईन?"

"रिक्षा आहे. इथं डांबर आहे."

त्यांनी माझ्या उशाशी पाण्याचा लोटा भरून ठेवला, पायांवर चादर ओढली आणि किल्ली घेतली. वकीलसाहेबांनी नावबदलीच्या कागदांवर माझ्या सह्या घेतल्या. म्हणून कलम २ मधील जीप आजपासून माझी नाही. ती माझ्या मिळकतीत धरू नये. मला खाटेवरून उठता आले नाही. इंजिन चालू झाल्याचे ऐकले. कोपऱ्यावर त्यांनी दुसरा गिअर टाकला, तो आवाज न करता पडला. मग शेजारच्या गणपतरावांनी फाटक लावून घेतले.

ठिकाण: सक्करदरा, नागपूर
दिनांक: ३ जून १९८४

सही: चंद्रभान रामाजी भोयर

चंद्रभानजींनी हा लेख पुरवणीसह आमच्यासमोर वाचून घेतला, बरोबर असल्याचे सांगितले आणि आमच्यादेखत सही केली. सही करताना दम लागून थांबले, पण कोणाचा हात धरला नाही. आम्ही त्यांच्यासमोर सही करतो. आम्हा दोघांना यातून काही मिळायचे नाही.

साक्षीदार १: गणपतराव महादेव काळबांडे, शेजारी, सक्करदरा
साक्षीदार २: गिरिधर वामन देशकर, वकील, महाल, नागपूर