मंदाकिनीचं हत्यार

५ जानेवारी, रविवार

चौथा गडी कमी पडला म्हणून मला बसवलं! तनया दोन महिने माहेरी आहे. माझ्याशी बोलते ते चहा, गॅस आणि किल्ली एवढ्यापुरतं. पण रविवारी तिच्या ऑफिसातली ऋचा आणि आमोद आले, की फासे-कागद मांडून तीन तास गोष्ट रंगवते. राजे, राक्षस, पहारेकरी — सगळ्यांचे आवाज तिचेच. आपण फक्त आपलं पात्र काय करतं ते सांगायचं. म्हटलं, असं तर असं. लेकीचा आवाज तरी ऐकू येईल.

माझं पात्र — चपळ लढवय्यी, मंदाकिनी. जिना चढताना माझे गुडघे वाजतात, हे तिला कळवलेलं नाही.

७ जानेवारी

हत्यार निवडायचंय. साधी तलवार कोणीही घेतं म्हणे. 'आगळी' हत्यारं घ्यावीत, पण ती आधी शिकावी लागतात. काटेरी साखळी, जाळं, चाबूक — आणि दांडपट्टा! पुण्यात बसून दांडपट्टा आगळा. धन्य!

आमोद फोनवर अर्धा तास समजावत होता. दांडपट्ट्यात हात कोपरापर्यंत अडकतो, मनगट वळत नाही, चपळाई फुकट जाते. इतक्या कळकळीनं मला कोणी मिक्सरही विकला नव्हता.

८ जानेवारी

विहीणबाईंचा फोन. संक्रांतीला सून घरी हवी. मी कबूल केलं. जावई राजसराव शांत, निर्व्यसनी, वाकून नमस्कार करणारे. तनया कारण सांगत नाही. 'जमत नाही', एवढंच. आमच्या वेळी सगळ्यांना जमतच होतं जणू.

१० जानेवारी

चाबूक घेतला. चिलखतावर त्याचा घाव लागत नाही, पण लांबून हातातलं शस्त्र हिसकावता येतं. ऋचा म्हणाली, काकू, यानं कोणी मरणार नाही. म्हटलं, म्हणूनच. कॉन्व्हेंटमध्ये मधल्या सुट्टीत दोघी भांडल्या, की सिस्टर आधी हात मिळवायला लावायच्या. कोणी कोणाला मारलं, ते विचारायच्याच नाहीत. किती गोड दिवस!

१२ जानेवारी, रविवार

गडावर कोंडलेली राणी सोडवायची होती. दारात चिलखत घातलेला सरदार, तिचा नवरा. आमोद साखळी फिरवायला आतुर. मी थांबवलं. मंदाकिनी आधी बोलून बघेल, म्हटलं. समजुतीनं घ्या, सरदार.

तनयानं सरदाराचा आवाज काढला. मोठा नाही. मऊ.

"आई, आपण बसा ना. तिला पडायची सवयच आहे. तुम्हीच तिला समजावून परत पाठवाल, मला माहीत आहे."

मंदाकिनी त्या सरदाराची कोणी नाही. 'आई, आपण बसा ना' असं मला राजसराव म्हणतात. ह्याच आवाजात.

आमोद म्हणाला, कसला भारी व्हिलन! तनया कागदाकडे बघत राहिली. ऋचानं मला फासे दिले. मी ते तसेच खाली ठेवले.

दसऱ्याला तनयाचा हात प्लास्टरमध्ये होता. बाथरूममध्ये घसरली, असं राजसरावांनी सांगितलं होतं. मी डिंकाचे लाडू पाठवले. दोघांना पुरतील इतके.

१३ जानेवारी

विहीणबाईंना फोन केला. तनया येणार नाही. उद्या नाही, नंतरही नाही. फोन ठेवला तर ती मागे उभी. म्हणाली, "आई, तो हात दुसऱ्यांदा मोडला होता."