माझ्या चाकांची वहिवाट

चि. डेल्मर यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (गेल्या महिन्यात सभेच्या हॉलमधून बाहेर पडताना ते मी मनातल्या मनात परत घेतले होते. आता पुन्हा धाडते आहे, जपून वापर.) तुझा गुडघा कसा आहे? वाळूत उडवायच्या त्या बग्गी-गाडीचा क्लच दाबण्यापुरता बरा आणि ट्वायलाला भांडी घासू लागायला वाईट, असंच अजून चाललं असेल. तिचं ब्लडप्रेशर काय म्हणतं? तुझ्याशी इतकी वर्षं संसार करूनही ते मशीनवर मोजता येतं, हेच नवल. इकडे मी खुशाल. खोकला आहे, पण तो माझा नव्हे, तुमच्या बग्गीवाल्यांच्या क्लबच्या धुळीचा.

‘व्हर्ला अजून रागावली आहे का,’ असं तू ट्वायलाकरवी विचारलंस. बायकोच्या पदराआडून विचारण्याची सवय साठी उलटली तरी गेली नाही तुझी. तर ऐक, रागावले आहे. का, तेही पहिल्यापासून सांगते, कारण सभेत तू टाळ्या वाजवत होतास, ऐकत नव्हतास.

माझ्या परसापासून कोरड्या तळ्यापर्यंतचं मैदान कासवांचं आहे, हे तुला पोरवयापासून ठाऊक. आता आपल्या वाळवंटातला कायदा असा, की नकाशावर असलेल्या वाटांवरूनच गाड्या न्यायच्या. आणि नकाशावर वाट येते कशी? तर जमिनीवर चाकोरी दिसली की येते. म्हणजे पहिला चाक घालतो तो गुन्हेगार, दुसरा मागून येतो तो वाटसरू, आणि दहावा आला की सरकारी रस्ता. असं शहाणपण शाळेत शिकून येत नाही, त्याला सरकारी जमिनींचं ऑफिसच लागतं. मोठ्या रस्त्यावरून मैदानात उतरणारी जुनी चाकोरी ऑफिसने बंद केली, ‘वाहनांस मनाई’ची पाटी लावली. त्या पाटीवर तुमच्यातल्या कुणीतरी नेम धरायचा सराव केला, आणि भोकांतून पलीकडचा डोंगर दिसायला लागल्यावर ती शेकोटीत घातली.

म्हणून मग मी आणि ऑगी पाचेको (तोच, निवृत्त प्लंबर, ज्याला तू ‘कासवांचा पाद्री’ म्हणतोस) स्वयंसेवक झालो. काम काय, तर मेलेली झुडपं आणायची आणि चाकोरीत उभी पुरायची, जिवंत असल्यासारखी. ती पण सगळ्या वाटेवर नाही. मोठ्या रस्त्यावरून नजर जाईल तेवढ्याच तुकड्यात. पुढचं दिसलं नाही की माणूस आत शिरत नाही, हे यातलं सगळं शास्त्र. पहार मारून खड्डे करायचे, झुडूप रोवायचं, भोवती दगड विखरायचे, आणि आपले बूट उमटलेले दाताळ्याने पुसत पुसत मागे यायचं. चार हिवाळे आम्ही हे केलं. इतकं झकास साधलं होतं, की एकदा ऑगीच आपण पुरलेल्या झुडपाला पाणी घालताना सापडला.

पण वारा काय कुणाचा मित्र आहे? झुडपं आडवी व्हायची, पुन्हा उभी करायला जावं लागायचं. पुढची बाजू तर पुसून काढलेली, तिथे पाय ठेवायची चोरी. म्हणून दर शनिवारी आम्ही माझ्या परसातून, मागच्या अंगाने, पिकअप घेऊन जायचो. मेलेली झुडपं लादून, मेलेल्या झुडपांच्या समाचाराला. तीच गाडी, तीच वाट, कारण कासवांच्या बिळांवर चाक जाऊ नये म्हणून ऑगी एका रेषेबाहेर जाऊ द्यायचा नाही. त्या रेषेचं पुढे काय होणार याचा विचार मी केला असेल असं त्याला वाटलं, आणि त्याने केला असेल असं मला. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा, तोही पिकअपमध्ये घालून लांबून आणायचा, याला आमच्यासारखी अनुभवी माणसंच लागतात.

मग यंदा नवा नकाशा आला. ऑफिसातली मंडळी उंटावरून शेळ्या हाकणारी, विमानातून फोटो काढून घरी बसली. साहेब, म्हणजे ते हॅडली, मला म्हणाले की अभिनंदन, जुनी चाकोरी फोटोत कुठेच नाही, नकाशावरून काढून टाकली. मी इतकी खूश झाले की त्यांना पीच घालून भाजलेला पाय (खायचा, चालायचा नव्हे) खाऊ घातला. दुसरा तुकडा संपवून ते म्हणाले, मात्र मैदानात एक नवीच वाट दिसते आहे, चांगली रुळलेली, ती आता खुल्या वाटांत धरली आहे. मी म्हटलं, अहो, तिथे कासवं आहेत. तर म्हणे पाहणी झाली, एकही आढळलं नाही. पाहणी कधी केली? जानेवारीत. जानेवारीत कासवं जमिनीखाली झोपलेली असतात, हे आपल्या गावात कुत्र्यालाही ठाऊक आहे. मला तो पाय परत मागावासा वाटला.

पुढचं सभेत तुझ्यासमोरच झालं. मी उठले आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, “ती चाकोरी माझी आहे. दर शनिवारी मीच जाते, दुसरं कुणी नाही.”

वाटलं, दंड करतील, हाकलतील, पण वाट तरी पुसतील. हॅडलींनी चष्मा पुसला. “म्हणजे वापर नियमित आहे,” ते म्हणाले. “आणि बाई, तुम्ही जनताच आहात. वहिवाट सिद्ध झाली.”

तेव्हा तू उठलास, क्लबचं जाकीट घालून, आणि टाळ्या वाजवल्यास. मागोमाग तुझी सगळी फौज. आपलं हसं होताना परक्यांनी हसावं, त्याचं काही नाही रे. पहिली टाळी तुझी होती, डेल्मर, ती मला लागली.

आता वाटेच्या तोंडाशी तुमची पाटी आहे, ‘व्हर्लाची वाट’, वर पिवळं फूल रंगवलेलं. लोक दार वाजवून विचारतात, व्हर्ला तुम्हीच का? मग फोटो काढतात, बर्फ मागतात, संडासची चौकशी करतात. एक बाई तर माझ्या व्हरांड्यात बाळाचं बदलून गेली आणि जे बदललं ते ठेवून गेली. आमची झुडपं उपटून तुझ्या लोकांनी शेकोटी केली. चार हिवाळ्यांच्या मेहनतीवर सॉसेज भाजली. वाळकं लाकूड छान पेटतं म्हणे. ऑगीने ते पाहिलं आणि दाताळं घेऊन तो घरी गेला.

बाकी ठीक. ट्वायलाला गोड पापा.

तुझी थोरली बहीण,
व्हर्ला

ता. क. टर्की भाजायचं माझं मोठं भांडं ट्वायलाकडे राहिलं आहे. थँक्सगिव्हिंगच्या आत पाठवून दे. हे एवढं पत्र त्यासाठीच लिहिलं.

पुन्हा ता. क. भांड्यासाठी नाही लिहिलं. सोमवारी सकाळी दार उघडलं तर पायरीवर खोकं होतं. आत कासव, पाठ एका बाजूने फुटलेली, चौकड्यांच्या शर्टात गुंडाळलेलं. शर्ट ओला होता. घाबरलं की ते साठवलेलं सगळं पाणी सोडतं. बाह्या आत दुमडून खाली खोचल्या होत्या, आपली आई ताज्या पावाची टोपली झाकायची तशा. आईच्या हाताखाली आपण दोघंच शिकलो.

मी आणि ऑगीने त्याला बार्स्टो गावच्या, प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तू बग्गीची फुटलेली बॉडी जोडतोस, तसल्याच फायबरने त्यांनी पाठ जोडली. जगेल म्हणाल्या, पण मैदानात परत जायचं नाही. मी हॅडलींना फोन केला. ते म्हणाले, पायरीवरच्या खोक्याने काही सिद्ध होत नाही, कासव कुठूनही आलेलं असेल. ज्याने उचललं त्याने जागा सांगितली, तर वाट थँक्सगिव्हिंगच्या आधी बंद करू. नाही सांगितली, तर त्या सुट्टीत तुमच्या क्लबच्या शेकडो गाड्या तिथून जातील आणि यंदा थंडी लांबल्याने कासवं अजून बाहेर आहेत.

राखीव कासवाला हात लावल्याचा तुला दंड होईल. क्लब काढून टाकेल, तुझे दोस्त बोलायचे नाहीत, हे मी लपवत नाही. पण तू थांबलास, उतरलास, उचललंस, माझ्यापर्यंत आणलंस. एवढं केलंस, डेल्मर.

पुढच्या गुरुवारी, सुट्टीच्या आधीची, वाटेबद्दलची शेवटची सभा आहे. शर्ट मी धुतलेला नाही. तो मांडीवर घेऊन मी पहिल्या रांगेत बसेन. तुझं नाव मी कुणाला सांगणार नाही. ते तुझं तुलाच सांगावं लागेल.