तुम्ही कापलेला दस्ता

मामाजी,

आज सकाळी दस्त्याला तेल दिलं. बंदुकीची नळी गंजून झिजली तेव्हा ती ठाण्यात जमा करून टाकली, त्यालाही आता जमाना झाला. पण लाकडाचा दस्ता तेवढा मी मागून घेतला. ठाण्यातला मुन्शी म्हणाला, बाई, नळीशिवाय दस्ता म्हणजे चुलीत घालायचं लाकूड. मी म्हटलं, असू द्या, घरात चूल आहे, घालायचं मन होत नाही. तेव्हापासून तो माझ्या खाटेशेजारी खुंटीवर असतो. थंडी सुटली की उतरवते, पुसते, जवसाच्या तेलाचे दोन थेंब तळहातावर घेते आणि उन्हात घासत बसते. भाऊजींची नातवंडं हसतात, म्हणतात, आजी बंदुकीले न्हाऊ घालून राह्यली. हसू द्या. त्यांना काय माहीत, या लाकडाने माझं काय काय ठरवलं ते.

तुमचा मुलगा श्रावणात तापाने गेला. माझ्या अंगाची हळद पुरती उतरली नव्हती. घरात सासरे तुम्ही, सासू आत्याबाई आणि मी. धाकटे भाऊजी खामगावला कापसाच्या जिनात कामाला लागलेले, त्यांना शेताचं नाव नको. माझ्या भावाने निरोप धाडला की संक्रांत झाली की बाईला न्यायला येतो. सगळ्यांनी मान हलवली. मला कोणी विचारलं नाही आणि विचारायची रीतही नव्हती. भाऊ चांगला, वहिनीही वाईट नव्हती, पण तिच्या चुलीपुढे भाकरी थापता थापता मी म्हातारी झाले असते आणि कोणाला पत्ताही लागला नसता. मला इथेच राहायचं होतं. देऊळघाटच्या रस्त्याकडचं ते वावर, त्यातला राखणीचा माळा, डुकरं आली की थाळी बडवायला मी तुमच्या मुलाबरोबर जायची, ते सगळं मला पाहिजे होतं. पण हे सांगायचं कोणाला? तुम्ही तर माझ्याशी सरळ बोलत नव्हता. पाणी हवं असलं तरी आत्याबाईंना सांगायचात, त्या नसल्या तर गाईला.

दसरा आला. वर्षाच्या आत सण करायचा नाही म्हणून दाराला तोरण नव्हतं. पण आत्याबाईंनी कोणाला न सांगता खुंटीवरची ठासणीची बंदूक उतरवली, हळदकुंकू वाहिलं आणि दस्त्याला वरपासून खालपर्यंत लोणकढं तूप चोळलं. पुढच्या काही दिवसांत उंदरांनी दस्त्याची टाच कुरतडून टाकली. खांद्याला टेकायचा तो भाग, पार भुगा झाला होता. तुम्ही ते पाहिलंत आणि ओट्यावर मटकन बसलात.

"उंदरायले आवतन देल्लं तुनं," तुम्ही म्हणालात. "बंदुकीले कोनी तूप लावते काय?"

आत्याबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. "त्याच्या वाटनीचं तूप हाये ते," एवढंच म्हणाल्या. "भाकरीवर घालाले तो नाई. मंग कोठी ठेवू मी?"

तुम्ही त्यानंतर त्या तुपावरून एक शब्द काढला नाहीत, कधीच नाही. दुसऱ्या दिवशी नळी वेगळी केलीत, आणि दस्ता पोत्यावर आडवा ठेवून, गोठ्याकडे तोंड करून म्हणालात, चुलीतली राख चाळून आन म्हना. गाईला राख कशी चाळता येईल? मी उठले.

माझी शाळा ती. तुम्ही ओट्याच्या त्या टोकाला, मी या टोकाला, मध्ये पोतं. तुम्ही दस्ता पोत्यावर ठेवून मागे सरकायचात, मग मी पुढे होऊन उचलायचा. हातातून हातात कधी दिला नाही, घेतला नाही. ओल्या राखेचा लेप देऊन उन्हात ठेवायचं, राख तूप ओढून घेते. वाळली की झाडायची, परत लेप. मग फुटक्या बाटलीच्या काचेने जुना थर खरवडायचा, लाकडाच्या रेषेबरोबर, आडवा हात गेला की तुम्ही खाकरायचात. मग रेगमालाच्या खरखरीत कागदाने घासायचं. मग ओलं फडकं फिरवून दस्ता निखाऱ्यांवर दुरून धरायचा, की लाकडाची लव उभी राहते, जशी थंडीत आपल्या अंगावर राहते. ती परत घासून काढायची. पुन्हा ओलं, पुन्हा शेक. लाकूड लाजायचं थांबलं की समजायचं, झालं, असं तुम्ही गाईला सांगितलंत, आणि मी पदराआड पहिल्यांदा हसले. त्या घरात त्या वर्षात पहिल्यांदा.

पण एक जागा मी सोडली होती. दस्त्याच्या डाव्या अंगाला, जिथे त्यांचा गाल टेकायचा, तिथे घामाने आणि घासण्याने एक काळपट, गुळगुळीत ठसा पडला होता. मी त्याच्या भोवतीने खरवडत होते, जसं रांगोळी चुकवून शेणसडा घालावा. तुम्ही पाहत आहात हे मला कळतंय. सूर्य मावळतीला आलाय, गाय रवंथ करतेय, आणि आज तुम्ही तिच्याकडे पाहत नाही.

"सूनबाई," तुम्ही म्हणता. मला वाटतं दारात दुसरंच कोणी आलंय. "तेवढीच जागा सोडली तं तेल तेथी वेगळं बसन. डाग दिसन जलमभर."

मी काच त्या ठशाच्या कडेकडेनेच फिरवत राहते.

"त्याचं तोंड ध्यानात हाये ना तुह्या?"

मी मान हलवते.

"मंग लाकडात काऊन ठेवतं?"

आणि तुम्ही उठून विहिरीकडे गेलात. तुमच्यासमोर ते करावं लागू नये म्हणून गेलात, की तुम्हाला पाहवलं नसतं म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. मी ती जागा खरवडली. खालून तसंच लालसर शिसव निघालं जसं बाकी सगळीकडे होतं. तुम्ही परत आलात तेव्हा डोकं ओलं होतं, तोंडावर पाणी होतं. अंगठा फिरवलात, डोळे मिटून मनगटाची आतली बाजू फिरवलीत, आणि म्हणालात, आता तेल.

तेल मी पहिल्या दिवशी भसकन ओतलं. आपल्याच वावरातलं जवस, घाण्यावरून आणून तुम्ही कढवलेलं. "भाजी नाई करून राह्यलो आपन," तुम्ही म्हणालात. दोन थेंब, आणि तळवा गरम होईस्तोवर घासायचं. लाकडाला तेल नको असतं, हाताची ऊब पाहिजे असते, तेल नुसतं निमित्त. तेव्हापासून मी रोज घासायची. हाताला काम मिळालं की मन एका जागी बसतं हे मला तिथे कळलं. रोज घासणाऱ्या बाईकडे माणसं कीव करणाऱ्या नजरेने बघायचंही विसरतात.

कुरतडलेली टाच राहिलीच होती. सुतार म्हणाला, शिंगाचा तुकडा जोडून देतो, लांबी पहिल्यासारखी राहील. तुम्ही नको म्हणालात. कुरतडलेलं तर कापायचंच, पण जरा जास्त काप. मग आत्याबाईंना सुतळी दिलीत आणि दाराबाहेर उभे राहिलात. त्यांनी माझ्या कोपराच्या खळगीपासून बोटापर्यंत माप घेतलं आणि सुतळीला गाठ मारून बाहेर दिलं. काय चाललंय हे मला कळलं नाही. मला वाटलं चोळी शिवायची असेल, पण चोळीला एवढी लांब बाही कशाला?

संक्रांत झाली आणि भाऊ आला. तिळगूळ खाल्ला, पाणी प्याला, आणि खुंटीवरचा नवा झगझगीत दस्ता पाहून त्याला राहवेना. बंदूक उतरवून खांद्याला लावली. मान खांद्यात रुतली, कोपर आभाळात गेलं, जसा मोठा माणूस लेकराचं अंगडं घालून उभा राहावा. लेकराची हाय काय हो ही, तो हसून म्हणाला. मग तो मुद्द्यावर आला, की बाईला नेतो.

"नेय ना बापा. माहं काई म्हननं नाई," तुम्ही म्हणालात. "पन मंग बंदूक बी नेय. आता ते सूनबाई सोडून कोनाच्याच खांद्याले बसत नाई."

माझ्या हातातली परात तशीच राहिली. मग कळलं ती सुतळी कशाची होती. त्या घरात मला कोणी काही विचारलं नव्हतं, आणि तुम्ही मात्र लाकूड कापून विचारलं होतं. भावाने माझ्याकडे पाहिलं. मी दाराच्या आडून, तुमच्या देखत, पहिल्यांदा मोठ्याने बोलले: "मी आली तं इथचा हरभरा कोन राखन?"

भाऊ एकटाच गेला. तुम्ही गोठ्यात जाऊन गाईशी बराच वेळ काही बोलत होतात.

मग किती हंगाम आपण माळ्याखाली बसलो. लायसन तुमच्या नावाचं. कोणी विचारलंच तर बंदूक तुमची, मी नुसती धरून बसलेली. डुकरं आली की तुम्ही हळूच खाकरायचात आणि मी बार काढायची. बहुतेक आभाळात, कधी डुकरावर. प्रत्येक बारानंतर तुम्ही तेच विचारायचात, बसते ना बराबर? आणि मी हो म्हणायची. गावातले लोक हसले, मग हसायचे थांबले, मग त्यांच्याच वावरात डुकरं शिरली तर बोलवायला येऊ लागले. तुम्ही गेलात त्या वर्षीही दस्त्याला तेल दिलं होतं मी, तुमच्या खाटेशी बसून, आणि तुम्ही डोळे मिटून मनगट फिरवलं होतंत.

आत्याबाई असत्या तर हे त्यांना वाचून दाखवलं असतं. अक्षरं मी पुडीच्या कागदांवरून शिकले, तेव्हा काना-मात्रा तुम्हीच समजून घ्या. आता घडी करून कुठे धाडायचं हे? कपाटातल्या लुगड्याखाली ठेवीन. आणि पोचणार नाही म्हणूनच एक सांगून टाकते. माप घेतलं तेव्हा तुम्ही दाराशी उभे होतात, म्हणून मी लाजून बोटं आखडून धरली होती. दस्ता आखूड झाला, मामाजी. बार निघाला की अंगठा नाकावर आदळायचा, कधी ओठ सुजायचा. पदर होता म्हणून तुम्हाला दिसलं नाही. ती बंदूक माझ्याही खांद्याला कधी बसली नाही.