मोटारीचं तोंड लातूरकडे

मुक्काम नांदेड, डाळीच्या अडतीचं आवार
रविवार, माहे बहमन, सन १३५२ फसली

तीर्थस्वरूप गुणाक्काच्या पायांशी धाकट्या श्रीमंतचा शरणार्थ. तुझे गुडघे थंडीनं कुरकुरत असतील, दुसरी म्हैस व्यायली असेल, आणि दुकानाच्या ओट्यावर बसून तू या घडीला मलाच शिव्या देत असशील. चालू दे. तू बोलायची थांबलीस की मला काळजी लागते. मी सुखरूप आहे. (मानेचं शेवटी लिहितो.)

निघताना तू बजावलं होतंस की डाळ शनिवारच्या बाजाराआधी नांदेडला पोचली नाही तर मोटार तुझ्या वीरण्णाच्या हातात, आणि मी दुकानात तागडीपाशी. अक्का, आपल्या घरात लॉरी आली त्या दिवसापासून ती मी चालवून राहिलो. वीरण्णा गुणी पोर आहे, पण त्याला एक आर्या म्हणता येत नाही. मी चढ शार्दूलविक्रीडितात चढतो आणि उतार दिंडीत उतरतो. (आपल्या उर्दू शाळेतल्या गुरुजींनी घरी बोलावून, मूठमूठ शेंगदाणे देऊन पाठ करून घेतलेली वृत्तं ही. ते शेंगदाणे मला अजून आठवतात, जरा खवट होते.) तागडीला कोणतं वृत्त लागतं, तूच सांग.

तर झालं असं. चाकूर ओलांडून चढाला लागलो, तिसरा चरण चालू होता, तेवढ्यात आतून कडाकड आवाज झाला आणि पुढं नेणारे सगळे गियर एका दमात वारले. उरला एकटा मागं नेणारा. आपला शिवप्पा हमाल (पंचवीस वर्षं पोत्यांवर झोपलेला माणूस, कशाला घाबरत नाही) वरूनच म्हणाला, "मालक, मागचा हाय न्हवं? मग नांदेडाकडं पाठ करा अन् चला." उताराच्या कृपेनं मोटार फिरवली, तिचं तोंड लातूरकडे केलं, आणि मान वळवून मागं मागं नांदेडला निघालो. मला जड गेलं नाही. हा म्हातारा सदा मागंच बघत बसतो म्हणून घरात सगळे बोलतात. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते बघणं धंद्याच्या कामी आलं.

शुक्रवारी सांजेला अहमदपूरपाशी पाणी घालायला थांबलो, तर चतुराबाई नावाची एक म्हातारी काखेत कोंबडी घेऊन, मोटारीचं तोंड बघून, लातूरला लेकीकडं जायचं म्हणून कुणाला न विचारता पोत्यांत शिरली आणि झोपली. ती उठली नांदेडला. मला खालीवर न्याहाळून म्हणाली, "भुताचे पाय उलटे असत्यात हे ऐकलं व्हतं बाबा. मोटारीचे आज पाह्यले." तेव्हापासून ती गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवते आणि उरलेला वेळ इथं येऊन माझा उद्धार करते. (त्यामुळं तुझी आठवण फार येत नाही.)

पण खरा घोळ त्याआधीच, नाक्यावर झाला होता. धान्याची नाकेबंदी आल्यापासून घाटाखाली जो नाका बसलाय, तिथल्या मुन्शीनं गुरुवारी आम्हाला अडवलं. परवाना लातूरहून नांदेडचा, आणि मोटारीचं तोंड लातूरकडे. त्यानं शांतपणे वहीत आमद लिहिली, म्हणजे मोटार लातूरला आली. मी म्हटलं, मुन्शीजी, आम्ही जाऊन राहिलो. तो म्हणाला, "मियाँ, किताब में मुँह लिखते, चाल नई लिखते." शिक्का बसला. आम्ही मागं मागं नाका ओलांडला आणि शनिवारी उजाडता उजाडता डाळ इथं उतरवली. म्हणजे वेळ मी पाळली. फक्त सरकारी कागदाप्रमाणे मी गुरुवारपासून लातुरात आहे. तुला दिसलो नसेन.

काल तुझी तार आली, की नाक्याची चिठ्ठी लातूरला पोचली, मोटार पोचली नाही, वीरण्णा बसनं निघालाय, हँडल त्याच्या हाती दे. देतो की. पण मुन्शीनं तेव्हाच बजावलंय, वहीत एकदा आलेली मोटार बाहेर गेल्याशिवाय पुन्हा येऊ शकत नाही. तेव्हा परतताना तिचं तोंड नांदेडकडे हवं, म्हणजे रवानगी लिहिली जाईल आणि वही जुळेल. थोडक्यात, लातूरपर्यंत पुन्हा उलटं. आता वीरण्णानं गेल्या पोळ्याला चार हात मोटार मागं घेताना गोठा पाडला होता. (म्हैस अजून हॉर्न ऐकला की पान्हा चोरते.) त्याला इतक्या कोसांवर उलटं धाडायचं की नाही, ते तू आई म्हणून ठरव. मी काही बोलत नाही.

तुझ्या शब्दाबाहेर नसलेला, पण मोटारीबाहेरही नसलेला,
श्रीमंत

ता. क. चतुराबाईला लातूरला सोबत आणतोय. ती चढायला तयार नाही. मोटारीचं तोंड नांदेडकडे आहे, म्हणजे ही आता मला माहूरला नेऊन टाकणार, असं तिचं म्हणणं. कोंबडी चढली आहे.

ता. क. दुसरा. गियर आज सकाळीच सगळे दुरुस्त झाले. हे शिवप्पाला ठाऊक आहे. त्याला विचारू नकोस, आणि वीरण्णाला सांगू नकोस.

ता. क. तिसरा. मानेचं राहिलंच. ती मागं वळली ती तिथंच अडकली आहे, त्यामुळं सध्या मी चालतोसुद्धा मोटारीसारखा. करडईचं तेल कोमट करून ठेव. आणि दारात माझी पाठ दिसली तर रुसून निघाला असं समजून हाका मारत बसू नकोस. मी आलेला असेन.