थोरल्या बांधाची दोनशे पावलं

५ जानेवारी, रविवार
रिटायर होऊन सात महिने. आज विषय सापडला. मोबाईलवर इंग्लंडचा व्हिडिओ पाहिला. हजार-बाराशे वर्षांपूर्वी तिथल्या राजाने राज्याच्या सीमेवर मातीचा बांध घातला, कडेने चर खणला. उरलेला तुकडा अजून जपतात. आपल्या तलवाड्याच्या शिवेवरचा थोरला बांध अगदी तसाच. दोनशे पावलं उरलाय. अलीकडे माझं शेत, पलीकडे चुलतभाऊ बंकट आणि गावातली केसरबाई यांची शेतं. तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसालाच हे दिसणार.
संकल्प: रोज पाचला उठून मोजमाप. महिन्यात पुस्तक.

९ जानेवारी, गुरुवार
पाचला उठलो नाही. थंडी.
दुपारी मोजायला गेलो तर टेप चरात पडला. काढता आला नाही. चर मुळात खोल होता, याला आणखी पुरावा कशाला?
बंकटला सगळं सांगितलं. सरकार जमीन घेईल का, असं त्याने विचारलं. घेणारच, तारेचं कुंपण घालणार, म्हणालो. नक्की माहीत नाही, पण अशा विषयात ठाम बोलावं लागतं. तो चहा अर्धा टाकून निघाला. भारावला असावा.

१५ जानेवारी, बुधवार
बीडला पुरातत्त्व खात्याच्या ऑफिसात गेलो. साहेब मीटिंगला. क्लार्कने फोटो आणि गट नंबर मागितला. दोन्ही नव्हतं. अर्ज दिला, खाली मोबाईल नंबर टाकला. म्हणजे निम्मं काम झालं. जमिनीचा नियम विचारायचा होता, पण एसटी सुटत होती.

२० जानेवारी, सोमवार
बांधावर स्वतः रंगवलेली पाटी लावली: ‘प्राचीन सीमाबांध. जागा सरकारजमा होणार. हात लावू नये.’ लोक दोघं-तिघं मिळून येतात, वाचतात, बांधाला हात न लावता जातात. केवढा आदर. वनमाला म्हणते, लोकं घाबरलेत. बायकोला इतिहासात गती नाही.

२६ जानेवारी, रविवार
ग्रामसभेत चाळीस मिनिटं बोललो. टाळ्या नाहीत. विषय खोल गेला की असं होतं.
शेवटी केसरबाई उठली. नवरा गेल्यापासून एकटी शेती करते. म्हणाली, “गुरुजी, माजी दोनच एकर हाय. ती बी बांधाला लागून. ती जाणार का?”
देशाचा अभिमान बाळगा, म्हणालो. ती खाली बसली.

२९ जानेवारी, बुधवार
सकाळपासून पुस्तकाची प्रस्तावना लिहीत होतो. शिवेकडून जेसीबीचा आवाज. रस्त्याचं काम असेल म्हणून खिडकी लावून घेतली.
संध्याकाळी वनमालाने सांगितलं, बांध गेला. बांधच नसला तर जमीन कशी जाईल, म्हणून बंकट आणि केसरबाईने जेसीबी लावला; दोघं आधी विचारायला आले होते, आपल्या बाजूचंही पाडायला वनमालाच हो म्हणाली.
मी ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, “ती बाई आठ दिवस जेवली न्हाई. तुमाला दिसलं न्हाई.”
प्रस्तावना तीन ओळी झाली होती.

५ फेब्रुवारी, बुधवार
बीडचे साहेब आले. अर्ज वाचून, स्वतःहून. एवढा मोठा तुकडा या भागात त्यांनी ऐकला नव्हता, म्हणाले. बांध कुठंय विचारलं. मी सपाट मातीकडे हात केला.
केसरबाईने पाण्याचा तांब्या आणला. तिनेच विचारलं, बांध ऱ्हायला असता तर माझी जमीन गेली असती का? साहेब म्हणाले, नाही बाई, शेत तुमचंच राहिलं असतं, फक्त बांध मोडता आला नसता.
ती माझ्याकडे वळली.
“गुरुजी, हे आदी सांगायचं व्हतं.”
मला माहीत नव्हतं, एवढं म्हणायचं होतं. तांब्या घेऊन पाणी प्यालो.